चौथं टिंब

जाहिरातीतलं यंत्र अगदी नवंकोरं दिसत होतं.
करडी पाठ, झाकण उघडं, आत पिनांची ओळ,
किंमत बाजाराच्या निम्म्याहून कमी,
आणि खाली: परदेशी जातोय, आजच काढायचंय.
मी गाळ्यात उभ्या उभ्याच
फोन चेंदवणकरांच्या तोंडासमोर धरला
आणि मग आठवलं.

"वाच," ते म्हणाले. मी वाचलं.
"घाई त्याला आहे की तुला?"

मला होती. आमचं ब्रेल छापायचं यंत्र
गणपतीच्या आधीच बसलं होतं,
तिसरीची पुस्तकं अर्धी टोचून पडलेली,
शाळेचा रोज फोन,
आणि नवं घ्यायचं तर
चिंचपोकळीचा हा गाळाच विकावा लागला असता.

विकणारा म्हणाला, वीस हजार टोकन टाका मॅडम,
तीन गिऱ्हाईकं लायनीत आहेत.
चेंदवणकर म्हणाले, त्याला सांग,
यंत्राशेजारी आजचा पेपर ठेव आणि फोटो काढ,
मागच्या पट्टीवरचा नंबरही दिसू दे.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
पुढे काही नाही.

"आवाज तरी पाठव म्हणावं."

आवाज आला. अकरा सेकंदांचा.
चेंदवणकरांनी मान कलती करून तीनदा ऐकला.
"हे जाड कागदाला टोचत नाहीये.
हे कुठल्यातरी दुकानात
बिलं काढतंय."
रात्री जाहिरात गेली.
त्याच माणसाच्या नावावर सकाळी
एक सोफा आला.

दुसरा फोटो हललेला होता,
कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.
बोरिवली, आय. सी. कॉलनी, फिलोमिना तुस्कानो.
किंमत धड कमी नाही, धड जास्त नाही.
लिहिलं होतं: एक टिंब नीट उठत नाही
असं जोसेफ म्हणायचा. मला डोळ्यांना कळत नाही.
येऊन बघा. आधी पैसे नकोत.

जेवणाच्या टेबलावर यंत्र,
वर विणलेलं पांढरं झाकण,
फळांच्या टोपलीला घालतात तसं.
तिने कागद लावला, बटण दाबलं,
आणि सगळी कपं बशीत वाजली.
चेंदवणकर हसले. हा आवाज बरोबर होता.

मग बोट ओळीवरून चाललं आणि अडलं.
मागे गेलं. परत आलं.
"अंगणात कोर नाचतो."
तिसरीचा धडा. तिथे मोर होता.
चौथं टिंब मेलं की म चा क होतो,
ही दोघांच्या घरातली जुनी भानगड असावी,
कारण बाई एकदम म्हणाली,
"आणि मी ची?"
"मी ची की होते," चेंदवणकर म्हणाले.
बाकीच्या अक्षरांचे हाल सांगत नाही.

घासाघीस उलटी झाली.
ती म्हणाली, पिनेचे सहा हजार कमी करा.
ते म्हणाले, चार पुरे, भुलेश्वरला एक घड्याळजी आहे,
तो घासून देईल.
मी मध्ये पडले नाही.
पट्टीवरचा नंबर मी जोसेफच्या जुन्या बिलाशी ताडून पाहिला,
बँकेतलं नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचलं,
आधी एक रुपया पाठवला.
स्वयंपाकघरात तिचा फोन किणकिणला.
"आला," ती आतून म्हणाली,
"एक रुपया आला."
मग बाकीचे.

टेम्पोवाला खाली हॉर्न देत होता.
पावती हवी, मी म्हणाले.
तिने हाताने लिहून दिली, सही केली,
आणि मग म्हणाली, थांबा, यावरही काढते एक,
शेवटची.

घड्याळजीने पीन बसवून दिली.
मोर आता मोर आहे, पुस्तकं गेली.
ती दुसरी पावती फाईलीत आहे.
वर्षअखेरीला हिशेब लावताना
चेंदवणकर तिच्यावर बोट ठेवतात
आणि मोठ्याने वाचतात, जशी आहे तशी:
की, फिलोकिना.